साडूंचं स्वादुपिंड

गोडाचा एवढा दर्दी माणूस बुऱ्हाणपुरात तर नव्हताच, पण खंडव्यापासून भुसावळपर्यंत दर स्टेशनावर उतरून शोधला असता तरी सापडला नसता. आणि हा माणूस गोड खात नसे. हा माणूस म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हायस्कुलात भूगोल शिकवत. शाळा सुटली की हातातली छत्री काखेत मारून ते इतवाऱ्यातल्या हलवायाच्या दुकानासमोर जाऊन उभे राहत. कढईत मावा जिलबी तळली जात असायची. साडू डोळे मिटून नुसता वास घेत. हलवाई झारा थांबवून विचारी, "मास्तरसाब, आज कैसी है?" मग साडू एक डोळा उघडून निकाल देत : "रंग बढिया, पर मावा कल का है." हलवाई ओशाळे आणि रांगेतली निम्मी गिऱ्हाइकं घरी जात. निकाल चांगला लागला तर साडू पावशेर जिलबी बांधून घेत आणि थेट आमच्या घरी येत. मला पाटावर बसवून, समोर स्वतः मांडी घालून, ते मला ती खायला लावत. "हळू. असं गिळू नका हो. पहिला घास जिभेवर राहू द्या. आता पाक टाळूला लागला असेल. लागला का?" मी तोंड भरलेलं असल्यामुळे मान हलवत असे. "वा!" ते म्हणत, आणि त्यांचा चेहरा असा उजळे की खाल्ली कुणी असा प्रश्न पडावा. आज माझं जे पोट दिसतं ते खरं तर त्यांचं आहे. मी ते फक्त वागवतो.

कॉलेजात असताना त्यांना मधुमेह झाला होता. चांगला सूरपारंब्या खेळणारा मुलगा दोन-चार आठवड्यांत काठीसारखा वाळला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तुमच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन यायचं बंद झालं आहे, आता जन्मभर ते सुईतून घ्यायचं. साडूंना दुखण्यापेक्षा नावाचा राग आला. "स्वादुपिंड म्हणे! ज्याच्यामुळे जिलबी सुटली त्या अवयवाला स्वादु म्हणायचं?" पुढं ते मास्तर झाले ते दिवस संस्थानं विलीन होण्याचे होते. आज हा राजा, उद्या तो नवाब. वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा दर महिन्याला खोटा पडे. साडूंनी मुलांना सीमा शाईनं काढायची मनाईच केली होती. पेन्सिल वापरा, दिल्लीहून अजून काय येईल सांगता येत नाही, असं ते सांगत. आपल्या प्रांताची राजधानी नागपूर राहणार की आणखी कुठं जाणार, बुऱ्हाणपूर मराठीत मोजायचं की हिंदीत, यावर चौकात तावातावानं भांडणं चालत. साडू मात्र पोटावर हात ठेवून म्हणत, "देशातली सगळी संस्थानं विलीन झाली. एकटं हे आतलं संस्थान तेवढं ऐकत नाही."

या बंडखोर संस्थानासाठी लागणारी दवा मुंबईहून पार्सलानं येई. तिला ऊन सोसत नसे आणि बुऱ्हाणपूरचा उन्हाळा तर दगडालाही सोसत नाही. बर्फाचं कपाट तेव्हा कुणी पाहिलं होतं? साडूंनी आधी बाटली माठात ठेवून पाहिली, मग ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिली, आणि शेवटी डब्यात घालून, डब्याला दोरी बांधून शेजारच्या विहिरीत सोडली. आमच्याकडच्या जुन्या विहिरींचं पाणी ऐन वैशाखातही गारठलेलं असतं. बाटलीचे लाड सुरू झाले. इतके लाड माझे सासरी कधी झाले नाहीत. पाणी शेंदायला आलेल्या बायका पोहरा सोडण्याआधी ओरडून विचारत, "अक्का, मास्तरांची बाटली वर आहे का खाली?" अक्का म्हणजे माझी मेव्हणी. आता एखाद्या मास्तराची बाटली विहिरीत असते, सकाळी सकाळी ती वर काढली जाते, आणि तो मास्तर अधूनमधून भर रस्त्यात झोकांड्या खातो, एवढं कळल्यावर गाव काय निष्कर्ष काढणार? बातमी हेडमास्तरांपर्यंत गेली. ते सकाळीच साडूंना रंगेहाथ पकडायला घरी हजर झाले. साडूंनी त्यांना आदरानं खुर्ची दिली, त्यांच्यासमोर डबा वर काढला, काचेची पिचकारी उकळत्या पाण्यातून चिमट्यानं उचलली, बाटलीतली दवा ओढली, धोतर सारलं आणि बोलता बोलता सुई मांडीत खुपसली. हेडमास्तर खुर्चीवरून आवाज न करता खाली घसरले. अक्कांनी त्यांच्या तोंडावर पाणी मारून लिंबाचं सरबत पाजलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते असं : "मास्तर, तुम्ही पीत असता तर बरं झालं असतं हो."

त्या झोकांड्यांचं कारण अर्थातच उलटं होतं. सुई घेतली आणि जेवायला उशीर झाला की रक्तातली साखर एकदम खाली जाई. अशा वेळी आमचे साडू, जे एरवी मुंगीलाही अहोजाहो करणारे, सगळ्या जगाशी भांडायला उठत. एकदा त्यांनी दारात आलेल्या केळीवाल्याशी असीरगडाच्या उंचीवरून कडाक्याचं भांडण केलं. केळीवाला बिचारा उंची कमी करायला तयार होता, वाढवायला तयार होता, पण साडूंचा आवाज चढतच गेला. कपाळावर घाम आणि हातांना कापरं. आतून अक्का आल्या, त्यांनी गुळाचा खडा नवऱ्याच्या तोंडात कोंबला आणि वर हात ठेवून तोंड दाबून धरलं. थोड्याच वेळात साडूंचे डोळे निवळले. ते केळीवाल्याकडे बघून अत्यंत प्रेमानं म्हणाले, "या, या, केव्हा आलात?" अक्का मला म्हणायच्या, "यांच्याशी संसार करायचा म्हणजे आधी भांडण खरं का गुळाचं ते ओळखावं लागतं."

पण त्यांची ओळख सांगायची तर बहादरपूरची हकिगत सांगायला हवी.

बहादरपूरचे एक पाटील होते, केळीच्या बागा असलेले. त्यांचा थोरला मुलगा साडूंच्या हाताखालून मॅट्रिक झाला म्हणून पाटलांनी मास्तरांना जेवायला बोलावलं होतं, आणि साडू एकटे कुठं जेवायला गेले की गोडाचं काय करायचं हा प्रश्न असल्यामुळे मी बरोबर होतो. आम्ही पोचलो तेव्हा पडवीत खाटेवर पाटलांची मुलगी पडली होती. सुभद्रा नाव. बारा-तेरा वर्षांची असेल, पण हाडांवर नुसतं कातडं. उशाशी पाण्याची घागर. श्वास असा जोरजोरात चाललेला, जणू कुठून पळत आली आहे.

"काय झालं हिला?" साडूंनी विचारलं.

"काय सांगू मास्तर," पाटलीणबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "महिना झाला, पोरगी निस्तं पानी पेते. घागर पुरत नाही. खाते दोन मानसांचं, आन वाळत चालली. कालपासून उलट्या करते. बागेतून येताना काही लागलं असंन. भगताले बोलावलं आहे."

साडू खाटेपाशी गेले आणि वाकून मुलीच्या तोंडाचा वास घेऊ लागले. घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, झालं, साखर उतरली. मी त्यांच्या कोटाच्या खिशात गूळ चाचपू लागलो. त्यांनी माझा हात झिडकारला.

"वास येतोय," ते म्हणाले. "पिकलेल्या फळाचा."

"अहो, घरात केळी पिकायला घातली आहेत," मी हळूच म्हटलं.

"केळ्यांचा वास खोलीतून येतोय. हा हिच्या श्वासातून येतोय." मग पाटलीणबाईंकडे वळून, "बाई, ही लघवीला जाऊन आली की मोरीत मुंग्या लागतात का?"

पाटलीणबाई दचकल्या. "लागतात. काळ्या. तुमाले कसं समजलं, मास्तर?"

साडूंचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा प्रथम पाहिला. ते पाटलांना म्हणाले, "धमणीला बैल जुंपा. आत्ता. जेवण राहू द्या. हिला दवाखान्यात न्यायचं आहे, आणि उद्यावर टाकलंत तर न्यायला पोरगी राहणार नाही."

पाटील उठलेही, पण त्यांचे चुलते ओट्यावरून गरजले. वयानं आणि आवाजानं घरात तेच मोठे होते. भगत येतोय, त्याला बघू द्या, मग ठरवू, असं त्यांचं म्हणणं. साडूंनी त्यांना भगताबद्दल काही म्हटलं नाही. ते ओट्याच्या पायरीवर बसले आणि शेतकऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागले.

"काका, पाटाला पाणी आहे, पण बारं देऊन ते बागेत वळवायला माणूसच नाही, तर केळीचं काय होईल?"

"वाळंन."

"पाट भरून वाहत असताना?"

"भरून वाह्यला म्हनून काय झालं? फोडल्याबिगर बागेत कसं जाईन?"

"हिचं तेच झालंय. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात भरून वाहतेय. ती अंगात वळवणारा माणूस पोटात असतो, तो काम सोडून गेला. मग साखर लघवीतून वाहून जाते, बरोबर पाणी घेऊन जाते, म्हणून ही तहानेली. आणि अंगाला साखर मिळत नाही म्हणून ते स्वतःची चरबी जाळतंय. त्याचा हा वास. तो गेलेला माणूस बाटलीत मिळतो, काका. रोज सुईनं आत सोडायचा."

"रोज?" चुलते म्हणाले. "जलमभर? मुलीची जात आहे, मास्तर. सुया टोचलेल्या पोरीले कोन करंन?"

यावर साडू उभे राहिले आणि त्यांनी भर अंगणात धोतर मांडीपर्यंत वर घेतलं. बायकांनी हाय म्हणून तोंडं फिरवली. मांडीवर सुयांच्या जुन्या-नव्या खुणा होत्या, काही ठिकाणी कातडी घट्ट होऊन गाठी आलेल्या. "बघा. कॉलेजापासून टोचतोय. नोकरी करतो. लग्न झालंय. बायको मला अजून रोज रागावते. मला करणारी कुणी भेटली, ही तर माझ्याहून दिसायला चांगली आहे."

तोंड फिरवलेल्या बायकांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. पाटलीणबाई तेवढ्यात मुलीला खांद्यावर टाकून धमणीकडे निघाल्या होत्या. पाटलांनी बैल जुंपले.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वयानं लहान पण डोकं शाबूत असलेले होते. त्यांनी तपासलं, मुलीच्या लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून परीक्षानळी दिव्यावर धरली, आणि आमच्या डोळ्यांदेखत निळं पाणी हिरवं, पिवळं, मग विटेसारखं लाल झालं. "मास्तर, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "सलाईन मी आत्ताच लावतो. पण इन्सुलिन इथं नसतं. ते लागणारा पेशंट तालुक्यात तुमच्याशिवाय कुणी नाही. खंडव्याहून मागवायचं तर—"

साडूंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ते टांग्यानं घरी गेले आणि विहिरीतला डबा तसाच निथळत घेऊन आले. त्या महिन्याचं मुंबईचं पार्सल अजून आलेलं नव्हतं. डब्यात एकच बाटली होती, तीही पुरती भरलेली नव्हे. हे मला ठाऊक होतं, डॉक्टरांनाही.

"आणि तुमचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी भूगोलाचा मास्तर. दुष्काळी प्रदेशात माणसं कशी जगतात हे दर वर्षी शिकवतो. एकदा करून बघतो."

डॉक्टरांनी बाटली घेतली, पण त्याच बाटलीतली एक मात्रा आधी साडूंच्या दंडात बळेच टोचली आणि घरी जाऊन पडून राहायला सांगितलं. मी तिथूनच स्टेशन गाठलं. भुसावळला दोन औषधवाल्यांनी डोकं हलवलं, तिसऱ्यानं कोपऱ्यातल्या कपाटातून बाटली काढली. त्याच्याच शेजारच्या रसवाल्याकडून बर्फ घेऊन, थर्मासात भरून, मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं बुऱ्हाणपूरला उतरलो. बर्फाचं पाणी झालं होतं, पण गार होतं. घरी साडू भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओठ सुकलेले, उशाशी तांब्या. अक्का शेजारी बसल्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण तोंड चालू होतं. "दानशूर! कर्णाचा अवतार! कवचकुंडलं देऊन आले आणि इथं घागरीमागून घागर रिकामी करताहेत!" माझ्या हातातला थर्मास दिसला आणि त्या बोलता बोलता थांबल्या, आणि एकदम रडायलाच लागल्या. साडूंनी मान वळवली. "पोरीचं काय?" त्यांनी विचारलं. मी वाटेत दवाखान्यात डोकावून आलो होतो. सुभद्रा सकाळी शुद्धीवर आली होती आणि तिनं डोळे उघडून पहिल्यांदा काय म्हटलं ते मी त्यांना सांगितलं : "माय, मले भूक लागली." साडू उठून बसले. सुई घेतल्यावर जरा वेळानं ते म्हणाले, "भूक लागली म्हणाली? कशाची लागली ते नाही विचारलंत?"

पुढचे कित्येक रविवार साडू बहादरपूरला जात राहिले. सुभद्राला सुई घ्यायला शिकवायचं होतं. सराव कशावर करायचा, तर त्या घरात केळ्यांना तोटा नव्हता. सुभद्रा पिचकारीत पाणी भरून केळ्यांना टोचत सुटली. पाटलांकडची केळी पाणचट निघतात अशी तक्रार पाव्हण्यांत सुरू झाली तेव्हा चुलत्यांनी सरावासाठी एक वेगळा घड काढून ठेवला. हे चुलतेच पुढं लघवीच्या परीक्षेचे मुख्य अधिकारी झाले. नळी दिव्यावर धरून ते पडवीतून ओरडत, "हिरवं आलं रे, हिरवं! पोरीले भाकर वाढा!" रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटे की पाटलांचा काहीतरी लिलाव चालला आहे. साडू सुभद्राला समजावत : घाम फुटला, हातापायांना कापरं भरलं, आणि सगळं जग मूर्ख आहे असं वाटायला लागलं, की लगेच गूळ खायचा. ती गंभीरपणे म्हणाली, "मास्तर, मले तर जग रोजच मूर्ख वाटते." साडू इतके हसले की त्यांनाच घाम फुटला आणि गूळ त्यांनाच द्यावा लागला.

तिचं लग्न रावेरकडच्या मुलाशी ठरलं तेव्हा बघायला आलेल्या मंडळींना आजार लपवायचा नाही, हे सांगायला साडू स्वतः जाऊन बसले. त्यांनी स्वादुपिंडापासून सुरुवात केली. पोहे निवले, चहा निवला, मुलाचे वडील पेंगायला लागले, आणि शेवटी नवरा मुलगाच हात जोडून म्हणाला, "मास्तर, पुढचं मी सुभद्रालाच विचारून घेईन." त्यानं घेतलंही. तो तिची पिचकारी स्वतः उकळून देतो, असं अक्का मला कौतुकानं सांगत.

तोवर राजधानी भोपाळला गेली होती, आणि बदलीनं मीही. आमच्या भेटी लग्नामुंजींपुरत्या उरल्या. साडूंच्या दुखण्यानं मात्र मुक्काम हलवला नव्हता. साखर इतक्या वर्षांत बारीक बारीक रक्तवाहिन्यांतून हिंडून आपलं काम करत होती. आधी फळ्यावरचं अंधुक दिसायला लागलं. साडू म्हणत, भूगोल मला पाठ आहे, नद्या काही जागा बदलत नाहीत. मग पाय बधिर होत गेले. एक दिवस ते एकाच चपलेनं घरी आले आणि दुसरी कुठं गळून पडली हे त्यांना कळलंच नव्हतं. तळपायाला काटा रुतलेला होता, तोही अक्कांना दिसला म्हणून निघाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी अक्का कंदील जवळ घेऊन नवऱ्याचे पाय तपासत, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. साडू पाय पुढं करून राजासारखे बसत आणि म्हणत, "लग्नात माझ्या पायाला हात लावायला कुरकुरली होती. आता बघा."

मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्यांना तापीवर जायचं होतं. टांग्यानं राजघाटावर गेलो. माझा दंड धरून ते एकेक पायरी उतरले. ऊन कलतं होतं, पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं, आणि त्यांना काय काय दिसत नाही याची मी मनातल्या मनात मोजदाद करत होतो. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पाणी गार आहे का हो?"

मी वाकून पाण्यात हात घातला. "चांगलंच गार आहे."

त्यांनी पाय पाण्यात हळूहळू हलवले. पावलांभोवती लहान लहान वर्तुळं उठली आणि फुटली.

"मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले.